पेशींचं वय

निकाल आला तेव्हा अस्मिता मोहिते मॅटच्या कडेला उभी राहून मुलींचा सराव घेत होती. कराडच्या एका कन्याशाळेत ती कबड्डी शिकवायची. आवाज खणखणीत, शिस्त कडक, आणि सरावाच्या वेळी फोनला हात लावायचा नाही हा नियम तिचा स्वतःचाच. पण त्या दिवशी खिशातला फोन थरथरला, पडद्यावर आरोग्य ॲपचं हिरवं पान दिसलं आणि तिनं नियम मोडला.

मागच्या महिन्यात आरोग्य केंद्राच्या आशाताई घरी येऊन मऊ ब्रश असलेली एक नळी देऊन गेल्या होत्या. गर्भाशयमुखाची तपासणी. पूर्वी त्यासाठी दवाखान्यात जाऊन टेबलावर झोपावं लागायचं. आता बाईनं आपल्याच न्हाणीघरात नमुना घ्यायचा, झाकण घट्ट लावायचं आणि नळी उपकेंद्रातल्या यंत्राकडे पाठवून द्यायची, की झालं. अस्मितानं ते काम धुणं वाळत घालावं तसं उरकलं होतं आणि ती विसरूनही गेली होती.

निकाल अगदी थोडक्यात होता. एचपीव्ही विषाणू आढळला. गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल दिसतो आहे, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. आणि त्याखाली, बदललेल्या पेशींचं अंदाजे वय : चार वर्षं.

मुली खेळत होत्या. कुणीतरी बोनस घेतला, कुणीतरी ओरडलं. अस्मिताला ते सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटलं. तिची धाकटी मावशी याच जागेच्या कॅन्सरनं गेली होती. मावशीनं अंगावरून जाणारं कितीतरी महिने कुणाला सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी नुसतीच मान हलवली होती. अस्मिता तेव्हा कॉलेजात होती. मावशीच्या खोलीतला वास तिला अजून आठवायचा. त्या संध्याकाळी तिनं सराव लवकर सोडला आणि कारण विचारणाऱ्या पोरीवर विनाकारण खेकसली.

घरी आल्यावर, जे करू नये असं सगळे सांगतात तेच तिनं केलं. ती नेटवर शोधत बसली. चांगलं लिहिलेलंही पुष्कळ होतं : बहुतेक बायकांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी होतो, बहुतेकींचं शरीर तो आपला आपण घालवून देतं, पेशींतला बदल म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि वेळेवर कळलं तर कॅन्सर होण्याआधीच थांबवता येतो. ती हे वाचायची, क्षणभर हायसं वाटायचं, की बोट पुन्हा खाली सरकून एखाद्या भयंकर गोष्टीवर जाऊन थांबायचं. चांगली वाक्यं निसटून जायची, वाईट तेवढी चिकटून राहायची.

पण तिला खरं पोखरायला लागली ती शेवटची ओळ.

पेशीघड्याळाचा शोध लागून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. कल्पना तशी साधी होती. पेशीची वाढ होते म्हणजे एकीच्या दोन होतात, आणि दरवेळी आतल्या डीएनएची नवी नक्कल काढावी लागते. डीएनएच्या धाग्यावर ठरावीक जागी बारीक रासायनिक ठिपके चिकटलेले असतात. नक्कल काढताना त्यांतले काही गळतात. देवळाच्या पायरीचा दगड किती झिजला यावरून तिथून किती पावलं गेली असतील याचा अदमास बांधावा, तसे गळालेले ठिपके मोजून पेशींचा एखादा पुंजका किती काळ वाढतो आहे ते यंत्र सांगायचं. डॉक्टरांना ते वरदानच वाटलं होतं. कारण पूर्वी असा निकाल आला की सांगावं लागायचं, वर्षभर थांबा, पुन्हा तपासू. बदल ताजा आहे की मुक्काम ठोकून बसलेला, हे कळायचा दुसरा मार्गच नव्हता. ताजा असेल तर बहुधा आपोआप जातो, जुना असेल तर नीट बघावं लागतं. घड्याळानं ते वर्षभराचं टांगणीला लागणं वाचवलं.

दवाखान्यातून ते घड्याळ लोकांच्या फोनवर उतरलं आणि लोकांनी त्याचा भलताच उपयोग सुरू केला. विषाणू शरीरसंबंधातून येतो हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मग चार वर्षं म्हणजे चार वर्षांपूर्वी कोण कुठे होतं, असा हिशेब घराघरांत मांडला जाऊ लागला. कौटुंबिक न्यायालयांत वकील तो आकडा वाचून दाखवू लागले.

अस्मितानंही तोच हिशेब केला. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा संग्राम टांझानियात होता. तो साखर कारखान्यात इथेनॉल विभागाचा केमिस्ट. तिकडच्या एका नव्या कारखान्याची उभारणी करायला त्याला दीड वर्षासाठी पाठवलं होतं. तो परत आला तेव्हा वाळून काळा झाला होता, तिथल्या समुद्राबद्दल भरभरून बोलायचा आणि माणसांबद्दल फारसं काही बोलायचा नाही. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटू लागलं.

तिनं त्याला काही विचारलं नाही. निकालाबद्दलही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? आजार सांगायचा तर आकडा सांगावा लागणार, आणि आकडा सांगायचा तर प्रश्न विचारावा लागणार. ती मनातल्या मनात ते वाक्य घोळवायची : चार वर्षांपूर्वी तू इथं नव्हतास. एवढंच म्हणायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं. पण तो समोर आला की ती भलतंच काही बोलून मोकळी व्हायची. कधी मावशी आठवायची, कधी मुलगी शाल्मली. ती नववीत होती. तिला शाळेत या विषाणूची लस मिळाली होती, एवढ्या एका गोष्टीचा अस्मिताला दिलासा होता. बाकी भूक गेली, झोप तुटक झाली. जिल्हा स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात उजवा कोपरा सांभाळणारी तिच्या संघातली पोर लंगडते आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही, आणि सामना गेला. मुली रडल्या. तिला रडूही आलं नाही.

संग्रामला ते कळलं ते ॲपमुळंच. जवळचा नातेवाईक म्हणून तिच्या खात्यात त्याचं नाव होतं, आणि डॉक्टरांच्या भेटीची आठवण त्याच्याही फोनवर गेली. त्यानं पान उघडलं. त्यानंही ती शेवटची ओळ वाचली. आणि तोही गप्प बसला.

त्या दिवसांत त्यांच्या घरात सगळं व्यवस्थित चाललं होतं असं कुणीही म्हणालं असतं. चहा वेळेवर होत होता, शाल्मलीचा गृहपाठ बघितला जात होता. फक्त दोघंही एकमेकांशी जरा जास्तच सभ्यपणे बोलत होती. घरात पाहुणा असताना बोलावं तसं.

रविवारी मटण करायचं ते संग्रामनं, ही त्यांच्या घरची रीत. त्या रविवारी शाल्मली चित्रकलेच्या वर्गाला गेली होती. तो खोबरं भाजत होता, अस्मिता समोर बसून लसूण सोलत होती. त्यानं गॅस बारीक केला आणि वळून न बघताच म्हणाला, "चार वर्षांपूर्वी मी इथं नव्हतो."

अस्मिताला वाटलं, आता कबुली येणार. तिनं हातातली सुरी खाली ठेवली. मग त्याच्या पाठीकडे, ताठरलेल्या खांद्यांकडे बघता बघता तिच्या ध्यानात आलं, की ही कबुली नव्हे. तो विचारतो आहे. इतके दिवस तिनं त्याच्यासाठी घासूनपुसून ठेवलेलं वाक्य त्यानं उचलून तिच्यावरच रोखलं होतं.

तिला आधी हसूच यायला लागलं. मग अंगाची लाही लाही झाली. खोबरं करपल्याचा वास आला तशी ती उठली, गॅस बंद केला आणि मैदानावर निघून गेली. रविवारी मैदान रिकामं होतं. गोळा करून ठेवलेल्या मॅटवर ती दुपार कलेपर्यंत बसून राहिली. शाल्मलीला तिनं फोन करून सांगितलं की खेळाडूंच्या निवडीचं काम निघालंय, बाबांबरोबर जेवून घे.

डॉक्टरांकडे ती एकटीच गेली. डॉ. नसीमा मुजावर पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. आधी तपासू, मग बोलू, असं त्या म्हणाल्या. प्रत्येक गोष्ट करण्याआधी काय करणार ते त्या सांगत होत्या. आता थोडं गार लागेल. आता व्हिनेगरसारखं पाणी लावते, जरा चुरचुरेल. दुर्बीण बाहेरच राहते, ती आत जात नाही. बाजूच्या पडद्यावर गुलाबी गोल दिसत होता, आणि पाणी लागल्यावर त्यावर एका बाजूला तांदळाच्या पिठाचं बोट उमटावं तसा पांढरा डाग उगवला. डॉक्टरांनी तिथला कणभर तुकडा घेतला. चिमटा काढल्यासारखं झालं आणि संपलं. ज्या गोष्टीला अस्मिता इतके दिवस भीत होती, ती चहा निवायच्या आत उरकली होती.

कपडे ठीक करून ती समोर येऊन बसली. डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सरसारखं काही दिसत नाही. डाग लहान आहे, पण जुना आहे, आपणहून जाईलसा वाटत नाही. तुकड्याचा अहवाल आला की बहुधा तो गरम सळईनं शेकून टाकावा लागेल. इथंच, भूल न देता, थोड्या वेळात. नंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव होईल, त्याला घाबरायचं नाही. घड्याळानं जुनेपणा दाखवला म्हणून हे आत्ताच कळलं, नाहीतर मी तुम्हाला वर्षभर थांबवून ठेवलं असतं, असंही त्या म्हणाल्या.

अस्मितानं सगळं ऐकलं. मान डोलावली. उठायची वेळ आली तरी ती उठली नाही.

"अजून काही विचारायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार वर्षांपूर्वी माझे मिस्टर परदेशात होते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, थकवा होता. हा प्रश्न त्यांना रोज कुणीतरी विचारत असावं.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "घड्याळ पेशींचं वय सांगतं, विषाणूचं नाही. हा विषाणू शरीरात शिरला की कातडीच्या अगदी तळच्या थरात लपून बसू शकतो. काही न करता. पाच वर्षं, पंधरा वर्षं, त्याहून जास्तसुद्धा. पेशी नेहमीसारख्याच राहतात, तपासणीत तो सापडतही नाही. मग कधीतरी अंगातली ताकद कमी पडते आणि तो जागा होतो. तिथून घड्याळ मोजायला लागतं. तो जागा कधी झाला ते मला कळतं. आला कधी आणि कुणाकडून, ते मला कळत नाही. कुठल्याच यंत्राला कळत नाही. लग्नाआधीचाही असू शकतो, लग्नानंतर लगेचचाही. तुमच्याकडून त्यांना गेला असेल, त्यांच्याकडून तुम्हाला आला असेल. यात कुणाची लबाडी सिद्ध होत नाही."

"आणि कुणाचा खरेपणाही नाही," अस्मिता म्हणाली.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला रक्ताची किंवा पेशींची तपासणी नसते."

परतताना ती कृष्णेच्या पुलावर थोडा वेळ थांबली. छातीवरचं मोठं ओझं उतरलं होतं. मावशीसारखं होणार नव्हतं. आता घरी जायचं, डॉक्टरांचं म्हणणं संग्रामला ऐकवायचं, तो ओशाळणार, माफी मागणार, विषय संपणार. इतकं सोपं होतं. पण ते तिला नको होतं. एका आकड्यामुळं त्यानं तिच्यावर संशय घेतला, आता दुसऱ्या माहितीमुळं तो मागे घेईल. या सगळ्यात ती कुठं होती? आणि मग, पुलाच्या कठड्याला टेकून उभी असताना, तिला तेही नाकारता येईना की तिनं स्वतःही त्याच आकड्यावरून त्याला गुन्हेगार ठरवलं होतं. त्यानं निदान तोंडानं विचारलं होतं.

घरी संग्राम लवकर आला होता. शाल्मली शेजारी मैत्रिणीकडे गेली होती. डॉक्टर काय म्हणाल्या, असं त्यानं दारातच विचारलं. कॅन्सर नाही, डाग शेकावा लागेल, असं तिनं सांगितलं. तो मटकन खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकलं. त्याचे खांदे हलताना बघून अस्मिता जागच्या जागी थांबली.

"मला वाटलं तू मरणार," तो म्हणाला. "त्या भीतीचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी राग धरला. राग धरायला सोपा होता."

ती त्याच्यासमोर बसली. म्हणाली, "ते घड्याळ जरा बाजूला ठेव. तुला मला काय विचारायचंय ते सरळ विचार."

त्यानं विचारलं. एकाच वाक्यात, खाली बघून. अस्मितानं नाही म्हणून सांगितलं. तूच पहिला आणि तूच एकटा, असं सांगितलं. मग तिनं तोच प्रश्न त्याला विचारला, आणि आपणही त्याच्याबद्दल तोच विचार इतके दिवस करत होतो हेही सांगून टाकलं. तो चमकला. त्याला ते लागलं, हे दिसलं. पण त्यानं तिच्या डोळ्यांत बघून नाही म्हटलं. तिकडं रोज संध्याकाळी मी समुद्रावर चालायचो आणि तुमचे फोटो बघत झोपायचो, याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, असं तो म्हणाला.

अस्मितानं उठून त्याला पाणी आणून दिलं.

"मला पटलं," शेवटी संग्राम म्हणाला. "तू नाही म्हणालीस ना, मग नाही. तो आकडा कुठून आला ते मला कळत नाही, पण मला पटलं."

तेव्हा कुठं अस्मितानं त्याला डॉक्टरांचं सगळं म्हणणं सांगितलं. तळच्या थरात लपलेला विषाणू, त्याचं जागं होणं, घड्याळ नेमकं काय मोजतं ते. ऐकता ऐकता संग्रामचा चेहरा उतरत गेला. केमिस्ट माणूस होता तो; त्याला ते एका फटक्यात समजलं.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"आधी सांगितलं असतं तर तुला डॉक्टरांचं पटलं असतं," ती म्हणाली. "माझं नाही."

तुकड्याच्या अहवालातही कॅन्सर नव्हता. डाग शेकायच्या दिवशी संग्राम तिच्याबरोबर आला. बाहेरच्या बाकावर बसून राहिला. डॉक्टरांनी मिस्टरांना आत बोलवायचं का म्हणून विचारलं, तेव्हा अस्मिता नको म्हणाली. तिचा त्याच्यावरचा विश्वास पुरता परत आला होता, तो खोटं बोलला नाही याबद्दल तिला शंका नव्हती. पण ते वाक्य, करपत्या खोबऱ्याच्या वासासकट, मधूनच कानात यायचं आणि त्याच्याकडे जाणारा तिचा हात आखडायचा. त्याला हे कळत होतं. तो घाई करत नव्हता. तिला गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचा, जड काही उचलू द्यायचा नाही, आणि आपल्या खोलीत जाऊन वाचत बसायचा.

असे काही महिने गेले. एका दुपारी सराव चालू असताना मैदानाच्या फाटकाशी एक बाई येऊन थांबली. तिशीची असेल. तिनं आपलं नाव राणी पिसाळ सांगितलं. तिचा नवरा संग्रामच्याच कारखान्यात बॉयलरवर होता. मोहितेसाहेबांच्या मिसेस तुम्हीच का, असं विचारून तिनं अस्मिताला बाजूला झाडाखाली नेलं.

तिलाही तसाच निकाल आला होता. पेशींचं वय दोन वर्षं. त्यांच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. नवऱ्यानं तिची पिशवी भरून दारात ठेवली होती, माहेरी जा म्हणून. कारखान्यात त्यानं हे चार जणांत बोलून दाखवलं, आणि तिथं बसलेल्या संग्रामनं ते ऐकलं.

"साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांना खाली बसवलं," राणी सांगत होती. "यंत्र काय मोजतं, काय नाही, सगळं समजावलं. आणि मग म्हणाले, 'मी केमिस्ट असून हेच केलं. माझी बायको मरणाच्या भीतीत होती आणि मी तिला हिशेब विचारला. ती दवाखान्यात एकटी गेली. ते मला जन्मभर पुरेल. तू तसं करू नकोस.' दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आम्हाला दोघांना मुजावरबाईंकडे घेऊन गेले. तपासणीला परवा बोलावलंय. ताई, आमच्यापायी साहेबांना तुमची गोष्ट चारचौघांत सांगावी लागली, म्हणून आमचे हे तुमची माफी मागायला सांगत होते. पण मला नुसतं तुम्हाला बघायचं होतं."

संग्रामनं यातलं घरी अवाक्षर काढलं नव्हतं. चारचौघांत स्वतःविषयी बोलणं त्याला किती जड जातं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिनं राणीचा हात धरला, तपासणीच्या वेळी काय काय होईल ते एकेक करून सांगितलं, चिमटा काढल्याएवढंच दुखतं असं सांगितलं आणि आपला नंबर दिला. कधीही फोन कर, रात्रीअपरात्रीसुद्धा, असं बजावून तिला फाटकापर्यंत पोचवलं.

घरी आली तेव्हा संग्राम गॅलरीत कपडे वाळत घालत होता. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बादलीतला एक शर्ट तिनं झटकला, तारेवर टाकला. राणीबद्दल ती काही बोलली नाही.

"पुढच्या गुरुवारी माझी फेरतपासणी आहे," ती म्हणाली. "रजा टाक."

"टाकतो," तो म्हणाला. "बाहेर बसतो मी."

"बाहेर नको," अस्मिता म्हणाली. "आत ये."

गुरुवारी डॉ. मुजावरांनी पडदा दोघांना दिसेल असा वळवला. पाणी लावलं, आणि गोल गुलाबीच राहिला. कुठंही डाग उगवला नाही. विषाणूचा निकाल आठवड्यानं येईल, बहुधा तोही चांगला असेल, पण शपथेवर आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. तोवर थोडी धाकधूक राहणारच.

"राहू दे," अस्मिता म्हणाली. टेबलाच्या कडेला उभ्या असलेल्या संग्रामचा हात तिच्या हातात होता, आणि तिनं तो घट्ट धरला होता.